एकट्याने कंट्रोल लाइन विमान (लाइन्सनी, म्हणजे तारांनी, हातातल्या हँडलला जोडलेलं आणि आपल्याभोवती वर्तुळात उडणारं इंजिनचं छोटं मॉडेल) सोडताना ते धरणार कोण?

खुंटी धरेल, पण नीट ठोकलेली. नाशिकची काळी माती पावसाळ्यात लोण्यासारखी होते, छोटी खुंटी इंजिनच्या ओढीने उपटून येते. हातभर लांबीची लोखंडी खुंटी घ्या, डोकं विमानापासून मागे झुकवून तिरकी ठोका. तिच्यावर दोन कानांची पट्टी बसवा. शेपटीच्या चाकाची तार कानांमध्ये ठेवून आडवी गुळगुळीत पिन सरकवा. पिनेची दोरी वर्तुळाच्या मध्यापर्यंत न्या, म्हणजे ती तुमच्याच दिशेने सरळ निघेल. इंजिन बंद ठेवून दहादा ओढून बघा, अडकता कामा नये. हँडलचा पट्टा मनगटात घालून, एलिव्हेटर (शेपटीची हलती पट्टी) वर-खाली तपासल्याशिवाय पिनेच्या दोरीला हातच लावू नका. आणि जवळपास वीजतारा असतील तर ते मैदान सोडाच. आपल्या लाइन्स पोलादी असतात.