मुलगी नववीला तालुक्याच्या शाळेत जायला लागल्यापासून गप्प असते. शाळेच्या आणि गावाच्या वातावरणाचा असा परिणाम होतो का? (यवतमाळ जिल्हा)

हो, होतो, आणि त्यातला शाळेचा भाग बदलता येतो. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातल्या सरकारी शाळांमध्ये ‘सेहेर’ नावाचा प्रयोग झाला. निष्कर्ष २०१८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तक्रारपेटी, भित्तिपत्रिका आणि मुलांचं ऐकून घेणारा, शिक्षक नसलेला समुपदेशक अशा उपायांनी नववीच्या मुलांमधली नैराश्याची लक्षणं आणि दादागिरी घटली. तेच काम शिक्षकांकडे दिलेल्या शाळांत फरक पडला नाही! म्हणून वर्गशिक्षकांना “जरा लक्ष ठेवा” म्हणून निर्धास्त होऊ नका. तिलाच सवडीने विचारा:

- एसटीत किंवा स्टँडवर कोणी त्रास देतं का?
- वर्गात मारतात, पाणउतारा करतात का?
- शाळेतलं स्वच्छतागृह वापरण्याजोगं आहे का?

मात्र सगळं शाळेवर ढकलू नका. कापसाला भाव नाही, कर्ज थकलंय, हे घरात कोणी न बोलताही पोरांना कळतं. आणि झोप-जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, किंवा ती मरणाचं बोलत असेल (मग दोन आठवडेही नकोत), तर कारणं शोधत न बसता टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मोफत आहे, मराठीत बोलता येतं.