फाइलवर दिसणारी वेळ आणि डिस्कवरची वेळ

प्रश्न : इंदूरला राजवाड्याजवळ आमचा फोटो स्टुडिओ आहे. रोज रात्री सगळं काम पेन ड्राइव्हवर उतरवतो. कॅमेऱ्यातले मूळ फोटो बॅकअपचं सॉफ्टवेअर बरोबर वगळतं, पण अल्बमसाठी फोटोशॉपमध्ये सुधारलेले फोटो रोज नव्याने कॉपी करतं. पेन ड्राइव्ह खराब झालाय का?

पेन ड्राइव्ह ठणठणीत आहे. त्यावर फाइली मांडायची पद्धत, म्हणजे फाइल सिस्टिम, फॅट-३२ असणार. या पद्धतीत फाइल शेवटची बदलल्याची वेळ १६ बिटांत बसवतात: तासाला ५, मिनिटाला ६ आणि सेकंदाला उरलेले ५. पाच बिटांत ३२ च आकडे मावतात, साठ नाही. म्हणून सेकंद दोन-दोनने मोजतात. संगणकाची डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीची, ती सेकंदाच्या एक कोटीव्या भागापर्यंत वेळ ठेवते. फोटोशॉपमधून जतन केलेल्या फाइलचा तो बारीक हिशोब पेन ड्राइव्हवर जाताना गळतो, दोन्हीकडच्या वेळा जुळत नाहीत आणि सॉफ्टवेअरला वाटतं फाइल बदलली. कॅमेऱ्याचं कार्डही बहुधा फॅटच, त्यामुळे मूळ फोटोंची वेळ आधीपासूनच सम सेकंदाची असते. म्हणून ते सुटतात.

पेन ड्राइव्ह एक्सफॅट या फॅटच्या नव्या पद्धतीचा करून भागणार नाही. ते सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच जातं. रोबोकॉपी ही विंडोजची कॉपी करायची आज्ञा वापरत असाल तर एफएफटी हा पर्याय द्या, दोन सेकंदांचा फरक ते माफ करतं. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही अशी सवलत शोधा. पण लग्नाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. महिन्यातून एकदा वेळेवर न विसंबता चेकसम, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून काढलेला आकडा, लावून ताडून बघाच.

प्रश्न : विजयनगरला राहतो, इंजिनिअरिंगला आहे. माझी स्क्रिप्ट सोर्स फाइल बदलून लगेच मेक चालवते, म्हणजे सोर्सवरून प्रोग्राम नव्याने बनवणारं साधन. कधीकधी मेक म्हणतं, काहीच बदललं नाही. लिनक्सवर तर नॅनोसेकंद असतात ना?

साठवायला असतात. पण कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, फाइलवर वेळ टाकतं ती घड्याळाच्या शेवटच्या टिकची, आणि दोन टिकमध्ये काही मिलिसेकंद जातात. तेवढ्यात आधीचं आउटपुट तयार झालं आणि सोर्सही बदलला, तर दोघांवर एकच वेळ पडते. मेकचा नियम सरळ आहे: सोर्स नवा असेल तरच काम, वेळ सारखी असेल तर नाही.

फाइलची वेळ दाखवणारी 'स्टॅट' ही आज्ञा चालवून दोन्ही फाइलींच्या वेळेतले सेकंदापुढचे नऊ अंक शेजारी ठेवून बघा. नऊच्या नऊ शून्यं असतील तर ती फाइल सिस्टिम पूर्ण सेकंदच ठेवते, किंवा फाइल झिपमधून आली आहे. लिनक्स ६.१३ पासून ही अडचण ext४, एक्सएफएस, बीटीआरएफएस या फाइल सिस्टिमवर बरीच कमी झाली: कुणी वेळ विचारून गेलं की पुढच्या बदलाला बारीक वेळ मिळते. कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं गिट मला इथे जास्त शहाणं वाटतं. वेळ संशयास्पद दिसली की ते फाइल उघडून मजकूरच तपासतं.

प्रश्न : मुलाने न्यू जर्सीहून आणलेल्या पेन ड्राइव्हवर रात्री ९ ची फाइल इथेही रात्री ९ चीच दिसते. असं का?

फॅट-३२ स्थानिक वेळ लिहितं, देश कुठला ते लिहीत नाही. एनटीएफएस जागतिक वेळ लिहितं. हाच पेन ड्राइव्ह एनटीएफएस असता, तर इंदूरमध्ये दुसऱ्या दिवशीची सकाळ दिसली असती.