नजर उपजत लागते का? रंगदुरुस्ती शिकू पाहणाऱ्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रश्न : मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. फोटो एडिटिंगची खूप आवड आहे, पण माझ्या फोटोंत चेहरे कधी केशरी होतात, कधी निळसर. तयार प्रीसेट (एका क्लिकमध्ये लागणाऱ्या रंगांच्या ठरलेल्या सेटिंग्ज) लावले तरी प्रत्येक फोटो वेगळाच दिसतो. मैत्रीण म्हणते, रंगाची नजर उपजतच असावी लागते. महागडा कोर्स करू का? यात करिअर होईल का?

उत्तर : मैत्रिणीचं म्हणणं आधी बाजूला ठेव. रंगाच्या बाबतीत सगळ्यांचीच नजर फसते. केशरी झाक असलेला फोटो दहा मिनिटं बघत बसलीस, की मेंदू ती झाक वजा करून टाकतो आणि फोटो ठीक वाटू लागतो. दुसऱ्या दिवशी तोच फोटो उघडला की धक्का बसतो. म्हणून या कामातली जाणती माणसं डोळ्यांच्या जोडीला आकडे बघतात. ते तुलाही शिकता येईल.

एक फोटो उघड. त्यात पांढरा किंवा राखाडी असायलाच हवा असा भाग शोध : शर्टाची कॉलर, कागद, सिमेंटची भिंत. त्यावर आयड्रॉपर (रंग मोजणारं साधन) ठेवून लाल, हिरवा, निळा यांचे आकडे वाच; प्रत्येकाचा आकडा ० ते २५५ असतो. समजा २२८, २१०, १७६ आले. खऱ्या राखाडीत तिन्ही जवळपास सारखे हवेत. इथे निळा बराच मागे आहे, म्हणजे फोटोवर पिवळी झाक आहे. टेम्परेचरचा स्लायडर निळ्याकडे ने आणि आकडे जवळ येताना बघ. हिरवी किंवा गुलाबी झाक उरली तर टिंटने काढ. मग चेहऱ्याकडे ये. साध्या उजेडात त्वचा गोरी असो वा सावळी, लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा असा क्रम असतो. निळा हिरव्याच्या वर गेला तर चेहरा आजारी दिसतो. मात्र सूर्यास्ताचा किंवा मेणबत्तीच्या उजेडातला फोटो असा 'शुद्ध' करू नकोस. तिथली पिवळाई हाच फोटोचा जीव असतो.

प्रीसेट का फसतात, तेही यातून कळेल. उजेडाचा रंग केल्विनमध्ये मोजतात : आकडा कमी तितका उजेड पिवळा, जास्त तितका निळसर. साध्या पिवळ्या बल्बचा उजेड साधारण २७०० ते ३००० केल्विनचा, दुपारच्या उन्हाचा ५५००च्या आसपास, सावलीतला ७०००च्याही वर. प्रीसेट एका उजेडातल्या फोटोवर बेतलेला असतो, तुझा फोटो दुसऱ्याच उजेडातला. एक गोष्ट नवख्यांना हमखास गोंधळात टाकते : सॉफ्टवेअरमध्ये केल्विनचा आकडा वाढवला की फोटो पिवळा होतो. आपण त्याला सांगत असतो, की उजेड निळसर होता, त्याची भरपाई कर.

क्रम असा ठेव : आधी एक्स्पोजर (एकूण उजळपणा), मग व्हाइट बॅलन्स (वरची टेम्परेचर-टिंटची दुरुस्ती), मग कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक), आणि सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) अगदी शेवटी. हिस्टोग्राम, म्हणजे फोटोत अंधार-उजेड किती याचा आलेख, उजव्या टोकाला आदळत असेल तर तिथला तपशील गेला, नुसती चमक उरली. शक्य असेल तर रॉमध्येच, म्हणजे कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फाइलमध्येच, फोटो काढ. ८ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. दुरुस्तीला एवढा वाव असला की आकाशात पट्टे उमटत नाहीत. आणि मूळ फोटोवर थेट काम करायचं नाही, अॅडजस्टमेंट लेयर, म्हणजे मूळ फोटो न बदलता त्यावर ठेवलेला दुरुस्तीचा थर, वापरायचा. काम करताना स्क्रीनचा नाइट मोड बंद आहे ना, तेवढं पाहा. तो सुरू असेल तर बाकीची सगळी मेहनत वाया जाते.

सॉफ्टवेअरसाठी आत्ता पैसे घालू नकोस. गिम्प आणि डार्कटेबल मोफत आहेत, आणि कर्व्ह (उजेड-अंधार वाकवून बदलायची रेषा), मास्क (दुरुस्ती ठरावीक भागापुरती ठेवणारा पडदा), हिस्टोग्राम सगळं त्यांत आहे. कर्व्ह एका ठिकाणी नीट कळला, की फोटोशॉपमध्येही तोच असतो.

आता करिअर. काम आहे : विक्रीच्या वस्तूंचे फोटो, समारंभांचे अल्बम, छपाईपूर्व तयारी, चित्रपटांची रंगसंगती. पण एक फोटो सुंदर करणं आता सॉफ्टवेअरही आपोआप करू लागलं आहे, त्या जोरावर नोकरीची आशा धरू नकोस. पैसे मिळतात ते सातत्याचे. एकच निळा कुर्ता खिडकीपाशी, बल्बखाली आणि सावलीत टिपलेला असताना तिन्ही फोटोंत तोच निळा दिसायला हवा, कारण घेणारा तो रंग बघूनच घेतो. हाच सराव कर. घरातली एक वस्तू तीन उजेडांत टिप आणि तिन्हींचा रंग जुळव. जमलं की एका प्रसंगाचे वीस फोटो घे. पोर्टफोलिओत हेच वीस, आधीचे आणि नंतरचे, शेजारी शेजारी लाव.

फी भरण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून इशिहारा चाचणीही (रंगांधळेपणा तपासणारी) करून घे. रंग ओळखण्यात थोडी उणीव निघाली, तरी आकड्यांच्या आधाराने बरंच काम करता येतं, पण ते आधीच माहीत असलेलं बरं.

कोर्सचा निर्णय वीस फोटोंच्या संचानंतर घे. संस्थेत गेलीस की प्रमाणपत्राबद्दल नंतर विचार. आधी हे विचार : मॉनिटरचं कॅलिब्रेशन (स्क्रीनवर रंग खरे दिसतील अशी जुळवणी) आणि कलर प्रोफाइल (वेगवेगळ्या स्क्रीनवर आणि छपाईत रंग सारखा राहावा म्हणून फाइलसोबत जाणारी माहिती) शिकवता का? विद्यार्थ्यांनी केलेली, छापून आलेली कामं दाखवाल का? दोन्हींचं उत्तर टाळलं, तर तिथे प्रवेश घेऊ नकोस.