आई बोलत नाही, पण वाकळ शिवते

"मॅडम, आई बोलतच नाही. तुमच्यापुढं बसवून काय उपयोग?" बीडकडचा एक तरुण विचारत होता. माझ्याकडे समुपदेशनाला अशी काळजी घेऊन येणारे बरेच असतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वडील जाऊन आठ महिने झालेले. आईची भूक गेली, झोप उडाली. दोन भेटींत मला त्या "बरं हाय" एवढंच म्हणाल्या.

खुर्चीवर समोर बसवून "मनातलं सांगा" म्हटलं की आपल्याकडच्या बायांना ती चौकशी वाटते. मला हे उशिरा कळलं. म्हणून आम्ही बुधवारी दुपारी समाजमंदिरात वाकळ, म्हणजे गोधडी, शिवायला बसतो. जुनी लुगडी अंथरायची, चार कडांना चौघी, धावदोरा घालत आत सरकायचं. नजर खाली, हात कामात. गप्प राहिलं तरी कुणाला खटकत नाही. मी सुया ओवून देते, विचारत काही नाही.

या आईंचा टाका बारीक, एकसारखा. तिसऱ्या बुधवारी शेजारीण म्हणाली, "दसरा आला, मुकादम चकरा मारायलाय." यांचे पुढचे चार टाके बोटबोट लांब पडले. मग मान खाली घालूनच म्हणाल्या, "आमची उचल फिटली नाय. आता पोराला धाड म्हणतोय."

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे मजूर नेणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घ्यायची, ती तोडीतून फेडायची. जोडीतला एक गेला, उचल राहिली. नवऱ्याचं दुःख होतंच, पण झोप उडवली होती ती या उचलीनं. पोराचं शिक्षण सुटेल म्हणून त्याला कळू दिलं नव्हतं.

सगळ्या गेल्यावर मी सरळ विचारलं, "मरायचे विचार येतात का?" विचारल्यानं असे विचार डोक्यात शिरत नाहीत, हे घरच्यांनीही लक्षात ठेवावं. "कधी कधी," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मी त्यांना मानसोपचार तज्ज्ञांकडे घेऊन गेले. तिथं वाकळ पुरत नाही. रात्री-अपरात्री टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आहे, मोफत.

त्यांना विचारूनच मुलाला सांगितलं. त्याला म्हटलं, घरी शेंगा फोडत बसल्या की शेजारी बस, तूही फोड, काही विचारू नको. पुढच्या बुधवारी तो समाजमंदिरात आला आणि दारातच घुटमळला. आईनं वर न बघता दोऱ्याचं रीळ त्याच्याकडे सरकवलं.