थोरली बापावर, धाकटा आईवर, आणि मग घरात पार्ट्या

साताऱ्यात माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या घरांत एक काळजी हल्ली फार ऐकू येते. जात वेगळी, प्रांत वेगळा, कधी देशच वेगळा, लग्न हौसेनं झालेलं, आणि मूल झाल्यावर सुरू होतं, मॅडम, हे गेलंय कुणावर? कुणी कौतुकानं विचारतं, कुणी संशयानं, आणि संशय असला की तो बाईवरच असतो हे वेगळं सांगायला नको.

एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. नवरा साताऱ्याचा, बायको पोलंडची, निळ्या डोळ्यांची. थोरली नऊ वर्षांची, काळेभोर केस, तपकिरी डोळे. धाकटा चार वर्षांचा, पिंगे केस, घारे डोळे. पाहुणे आले की आजी धाकट्याला पुढे करणार, "आमचा साहेब बघा" म्हणून. थोरली हळूहळू गप्प झाली, आईबरोबर पोवई नाक्यापर्यंत जायलाही नको म्हणायला लागली, कारण कुणीतरी तिच्यादेखत आईला विचारलं होतं, ही तुमचीच का?

सगळ्यांचं म्हणणं एकच, मुलीचा कॉन्फिडन्स वाढवा. मी म्हटलं आजीसकट सगळे या. मूल कोमेजलं की मी एकट्या मुलावर काम करत नाही, घर बोलावते, ही माझी जुनी पद्धत आहे आणि ती मला सोडावीशी कधी वाटली नाही.

मुलीला विचारलं, तुमच्या घरात कोण कुणाचं गं?

"मी बाबाची, बाळ्या आईचा."

"आणि आई?"

"ती बाळ्याचीच दिसते ना."

आईला हे सहन होईना. मी तिला थांबवलं आणि आजींना विचारलं, तुमच्याकडे घारे डोळे कुणाचे होते?

"छे हो, आमच्यात कुठलं." मग थोड्या वेळानं, "थांबा थांबा, माझ्या सासूबाई! अख्खी आळी त्यांना घारी म्हणायची की."

मला हेच हवं होतं. शाळेत शिकवतात तसं तपकिरी रंग जिंकतो आणि निळा हरतो, एवढं सोपं ते नाही, ते १९०७ सालच्या सुमाराचं गणित आहे. डोळ्यांचा रंग बऱ्याच जीन्सनी, म्हणजे जनुकांनी, मिळून ठरतो. त्यातल्या दोन महत्त्वाच्या १५ व्या क्रोमोसोमवर, म्हणजे गुणसूत्रावर, शेजारी शेजारी आहेत, त्यातल्या एकीतला छोटासा तुकडा दुसरीचा नळ कमीजास्त सोडतो आणि तेवढं मेलॅनिन, म्हणजे तपकिरी रंगद्रव्य, बुबुळात उतरतं. निळं रंगद्रव्य डोळ्यात नसतंच मुळी, मेलॅनिन कमी असलं की प्रकाश विखुरतो आणि डोळा निळा दिसतो. या तुकड्याची एक प्रत आईकडून येते, एक बापाकडून.

म्हणजे धाकट्याचे डोळे असे व्हायला नुसत्या आईचा वाटा बहुतेक पुरला नसता, बापाकडूनही तसलीच प्रत यायला हवी, आणि ती पणजीकडून आलेली असायची शक्यता मोठी. ज्याला सगळे परदेशी समजत होते त्यातलं अर्धं साताऱ्याचंच! आणि थोरलीकडे आईची प्रत आहेच, फक्त बाबाची वरचढ ठरली.

मुलगी म्हणाली, "म्हणजे आईचं निळं माझ्यात पण आहे?"

"आहे. तुझ्या पोरांत दिसेलही कदाचित."

"आणि बाळ्यात पणजीचं?"

"असणार."

आजी म्हणाल्या, "मग साहेब कसला, घारीचाच पणतू हा." तेव्हा कुठे मुलगी हसली. जेनेटिक्स मला फार येतं अशातला भाग नाही, पण या घराला उपदेशापेक्षा पणजी सापडणं उपयोगी पडलं असं माझं ठाम मत आहे.

अशा घरांना मी जे सांगते ते इथंही सांगते. मुलांसमोर "ही अमक्याची, तो तमक्याचा" बंद करा, कौतुक म्हणूनसुद्धा नको. पिंग्या केसांवर फार नाचू नका, लहानपणीचे असे केस वयात येईपर्यंत बऱ्याचदा गडद होतात. तान्ह्या बाळाचे डोळे पहिल्या वर्षात रंग बदलतात, कधी त्यानंतरही, तेव्हा बारशालाच निकाल लावू नका. दोघांचे डोळे काळे आणि मूल घारं, एवढ्यावरून सुनेवर संशय घेणाऱ्यांना तर मी सरळ सुनावते, लपलेल्या प्रती दोन्हीकडे असू शकतात. आणि दोन डोळ्यांचे रंग वेगळे दिसले, मोठ्या मुलाच्या एकाच डोळ्याचा रंग बदलला किंवा फोटोत बाहुली पांढरी चमकली, तर माझ्याकडे येऊ नका, आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा.