क्वांटम मेकॅनिक्सची मूलभूत गृहीतकं नेमकी किती, आणि ती सिद्ध का करत नाहीत?

कितीचा हिशेब सोडा. एका पुस्तकात पाच, दुसऱ्यात सहा. कोणी दोन एकत्र मांडतो, कोणी एकाची दोन करतो. सिद्ध करत नाहीत, कारण सुरुवातच तिथून होते, न्यूटनच्या नियमांसारखी. त्यांतून निघालेली उत्तरं प्रयोगाशी जुळतात, हाच पुरावा.

मला बोलायचंय ते मोजमापाच्या गृहीतकाबद्दल: मोजल्यावर कुठलं उत्तर किती शक्यतेने येतं आणि मग अवस्था काय होते, ते हे सांगतं. स्पिन हा कणाचा अंगभूत गुण, एका दिशेने मोजला की (इलेक्ट्रॉनसारख्या कणाचा) वर किंवा खाली एवढंच उत्तर येतं. सुपरपोझिशन म्हणजे दोन्ही शक्यता एकत्र असलेली अवस्था. फोंड्यात बीएस्सीच्या तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "स्पिन वर आणि खाली अशा सुपरपोझिशनमध्ये आहे. मोजण्याआधी तो खरा कुठे होता?" मी म्हटलं, "सर, त्या दिशेने त्याची किंमत ठरलेलीच नव्हती." ते म्हणाले, "म्हणजे तुला माहीत नाही. वस्तू असतेच, आपण फक्त बघतो." वीसात सात गुण. बरोबर सांगून चूक ठरलो, ते आजही सलतं.

गेल्या पावसाळ्यात घरी वीज गेली होती. बिघडलेल्या तीन कॅल्क्युलेटरांच्या काचांवरून पोलरॉइडची (एकाच दिशेने कंप पावणारा प्रकाश जाऊ देणारी) पापुद्र्यासारखी फिल्म सोलून ठेवली होती. मागचा चिकट गोंद अंगठ्याने चोळून काढला आणि मोबाइलच्या टॉर्चसमोर दोन तुकडे काटकोनात धरले. अंधार. मग मधोमध तिसरा, ४५ अंशांत तिरपा सरकवला. अकरावीतली भाची ओरडली, "मामा, उजवाड आयलो!" (उजेड आला!)

गाळणीखाली आणखी एक गाळणी धरली आणि चहा जास्त पडला, असं कधी होतं का? मधला तुकडा नुसतं गाळत नाही. जो फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, त्यातून जातो, त्याची अवस्थाच तो ४५ अंशांची करून टाकतो. म्हणून पहिल्यातून आलेल्यांपैकी निम्मे मधून जातात आणि त्यांतले निम्मे शेवटून, म्हणजे एक चतुर्थांश (फिल्म आदर्श असेल तर). जाण्याची शक्यता म्हणजे फोटॉनच्या कंपनाची दिशा आणि फिल्मची दिशा यांमधल्या कोनाच्या कोसाइनचा वर्ग. हा वर्गसुद्धा आभाळातून पडला नाही: भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न यांच्या १९२६ च्या निबंधात मूळ मजकुरात वर्ग नव्हता, तो प्रुफं तपासताना तळटीपेत आला. पुढे १९५४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते याच कामासाठी.

एक सांगायचं राहिलं. तीन तुकड्यांचा प्रयोग साध्या प्रकाशलहरींनीही समजावता येतो. क्वांटम लागतं ते एकेकटा फोटॉन सोडल्यावर, कारण तो अर्धा जात नाही. जातो नाहीतर अडतो. आणि सरांच्या बाजूने म्हणायचं तर कणाला आधीपासून ठरलेली जागा देणारी, डेव्हिड बोम या भौतिकशास्त्रज्ञाची क्वांटमची वेगळी मांडणी आहे. पण जॉन बेल या भौतिकशास्त्रज्ञाच्या १९६४ च्या प्रमेयानुसार तिथेही दूरच्या मोजमापाचा परिणाम इथे तत्काळ होतो असं मानावं लागतं, आणि स्पिनचं उत्तर उपकरण कसं लावलंय त्यावरही ठरतं. "वस्तू असतेच, आपण फक्त बघतो" एवढं सोपं तिथेही नाही.

तुम्ही गृहीतकं पाठ करत बसू नका. एक स्पिन घ्या, दोन बाय दोनची मॅट्रिक्स मांडा, एकामागोमाग तीन स्टर्न-गेर्लाख चुंबक (वर आणि खाली स्पिनचे कण दोन वाटांनी वेगळे करणारे) लावून शक्यता हाताने काढा. आणि तोंडी परीक्षेत "मोजण्याआधी काय होतं?" असं विचारलं, तर "पाठ्यपुस्तकातल्या गृहीतकांप्रमाणे ती किंमत ठरलेली नव्हती" असंच सांगा, गुण गेले तरी.