मुस्लिमांना इतर संस्कृतींच्या चालीरीती स्वीकारता येतात का?

येतात. जी रीत दुसऱ्या धर्माच्या उपासनेचा भाग नाही आणि जिच्यात शरीयतने मना केलेले काही नाही, ती पाळण्यास हरकत नाही, असे माझे ठाम मत आहे.

आम्ही रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान. आमच्या घरी निकाहाच्या आदल्या रात्री हळद होते. घरातल्या आणि शेजारच्या बायका पाटावर बसलेल्या नवरीच्या हातापायांना हळद चोळतात आणि कोकणी बोलीतली लग्नगीते म्हणतात. धाकट्या बहिणीच्या हळदीला दुबईहून आलेल्या आतेभावाने ‘ही हिंदूंची रीत आहे, बंद करा’ असे सगळ्यांदेखत सुनावले आणि अबू दाऊद यांच्या संग्रहातील हदीस (पैगंबरांचे वचन) ऐकवली: जो ज्या समाजाचे अनुकरण करतो, तो त्यांच्यातलाच होय. गाणी थांबली. हळदीची वाटी हातात धरून नानी तशीच उभी राहिली आणि मोठ्यांपैकी कोणीही तिची बाजू घेतली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

ती हदीस मीही मानतो. परंतु तिचा रोख परधर्माची खूण असलेल्या गोष्टींवर आहे, असे अनेक फकीहांनी (इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी) म्हटले आहे. खुद्द पैगंबरांनी (स.) तबूकच्या मोहिमेत शामी, म्हणजे सीरियाकडचा, जुब्बा घातला होता, ज्याच्या बाह्या इतक्या अरुंद होत्या की वुजूसाठी (नमाजाआधी हातपाय धुण्यासाठी) हात जुब्ब्याच्या खालून बाहेर काढावे लागले, पैगंबरांचे सहकारी मुगीरा इब्न शुअबा यांचे हे कथन बुखारींच्या हदीससंग्रहात आहे. मदीनेच्या रक्षणासाठी इ. स. ६२७ मध्ये खंदक खणला गेला, तो इराणची युद्धरीत जाणणाऱ्या पैगंबरांचे इराणी सहकारी सलमान फारसी यांच्या सल्ल्याने. इजिप्तचे मुफ्ती मुहम्मद अब्दुह यांनी १९०३ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ट्रान्सवालच्या मुस्लिमांना युरोपीय टोपी वापरण्याची मुभा दिली. आतेभाऊ अंगात घालतो तो कंदुराही (आखाती अरबांचा लांब झगा) एका प्रदेशाचा पोशाखच आहे. अरबांची प्रत्येक रीत म्हणजे इस्लाम नव्हे.

पूजा किंवा आरती यांत मात्र सहभागी होता येत नाही, आणि सणांच्या शुभेच्छांबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत. हळदीलाही अनेक उलेमांचा विरोध आहे, हे मी नाकारत नाही. उधळपट्टी आणि स्त्री-पुरुषांची सरमिसळ तर टाळलीच पाहिजे. तुमच्या घरात असा वाद असेल, तर तो लग्नघरात पाहुण्यांसमोर न काढता आधीच एखाद्या जाणत्या आलिमांसमोर बसून मिटवा, आणि ज्याला रीत बंद करायची आहे त्याला तिच्यात नेमकी कोणती उपासना आहे हे दाखवायला सांगा. आमच्या आतेभावाने ते आजवर दाखवलेले नाही.